गुरुवार आमच्या घरी

१९६४ साल. जानेवारी महिना चालू होता आणि कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम ऐन भरात आला होता. गुरुवारची दुपार होती. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. परसदारी धुळू येऊन उभा राहिला, एक पाय उचलून, बगळ्यासारखा.

"वैनी, आज भाईरच बसतो."

"का रं? आत काय वाघ बसलाय?"

"पायाला माती हाय."

"मग धू की. हौदातलं पाणी काय दागिने म्हणून ठेवलंय?"

तो लंगडत हौदाकडे गेला तेव्हा मला त्याचा घोटा दिसला. चांगला टम्म सुजला होता. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, उन्हात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"कुणी मारलं रं तुला?"

"मारलं न्हाई, आजी. बॉल घ्यायला आला हुता, पाय घिऊन गेला."

"आणि तू काय घेतलंस?"

"गोल," धुळू म्हणाला आणि दात काढून हसला.

आत्याबाईंनी आंबेहळद उगाळून त्याच्या घोट्याला लावली. मग तो जेवायला बसला. जेवताना तो बोलत नसे. ताटाकडे असा बघायचा, जणू कुणी ते उचलून पळेल. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा आहे, तिथला हा मुलगा. बाप बकरी राखायचा. डोंगरातली चौथीची शाळा संपल्यावर पायपीट करत पुढं शिकला आणि कुणीतरी त्याला कोल्हापूरला, लोकोदय विद्यालयात आणून सोडलं. शाळा खासगी होती, पण हेडमास्तर कुरणे भला माणूस. त्यांनी त्याला नादारी दिली, म्हणजे फी माफ. झोपायला पेठेतल्या तालमीची माडी मिळाली. राहिला प्रश्न पोटाचा. त्यासाठी त्यांनी वार लावले.

वार लावून जेवणं आताच्या मुलांना ठाऊक नसेल. बाहेरगावचा गरीब मुलगा शिकायला आला की सात घरं त्याला वाटून घ्यायची. एकेका घरी आठवड्यातला एकेक वार. त्या दिवशी दुपारी त्या घरी जेवायचं, रात्रीची भाकरी बांधून न्यायची. पैसे नाहीत, घरकाम नाही. आणि रीत अशी, की कुठं जेवतो हे चारचौघांत बोलायचं नाही. जेवणाऱ्यानं नाही, वाढणाऱ्यानंही नाही. आमच्या पेठेतून ही पद्धत तेव्हाच संपत आली होती. कुरणे सर दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंकडे आले आणि म्हणाले, "एक वार रिकामा आहे." आत्याबाईंनी विचारलं नाही की मुलगा कोण, कुठला. म्हणाल्या, "गुरुवार आमच्या घरी."

आमचे हे तेव्हा यशवर्धन हायस्कूलमध्ये ड्रिल मास्तर होते. बड्यांची शाळा. इमारत दगडी, पोरांना बूट आणि मोजे. त्यांच्या फुटबॉल संघाला हेच शिकवायचे आणि शहरातली शालेय ढाल सलग काही वर्षं यशवर्धनकडेच होती. लोकोदयला तेव्हा संघही नव्हता. यांना सांगितलं, "गुरुवारी एक पोरगा जेवायला येणार," तर हे म्हणाले, "येऊ दे की." दुपारी हे शाळेत. धुळू येऊन जेवून जायचा. आमच्या घरात त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं, आत्याबाई आणि मी सोडून. यांच्या लेखी तो 'गुरुवारचा' होता.

पुढं लोकोदयनं संघ उभा केला. अनवाणी पोरांचा. पहिल्या वर्षी त्यांना कुणी मोजलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्यातला एक डावखुरा पोरगा मैदानभर असा पळू लागला, की लोक दुकानं बंद करून बघायला जाऊ लागले. 'धनगर' म्हणून त्याचं नाव झालं. आमचे हे घरी येऊन सांगायचे, "काय पळतंय गं ते! डोंगर उतरल्यासारखं." मी वाढत असायची. मनात म्हणायची, सांगावं का? पण रीत आठवायची आणि गप्प बसायची. शिवाय, खरं सांगते, मला ते गुपित आवडायचं.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी उपांत्य सामना झाला. धुळूच्या गोलावर लोकोदय अंतिम फेरीत गेली. समोर यशवर्धन.

सोमवारी संध्याकाळी यशवर्धनचे चेअरमन नानासाहेब रणनवरे आमच्या घरी आले. मोटार बोळात शिरेना म्हणून कोपऱ्यावर ठेवून चालत आले. असा माणूस घरी येणं म्हणजे केवढी गोष्ट. मी नवे कप काढले.

चहा घेऊन पुढच्या सोप्यात, म्हणजे बैठकीत, गेले तर नानासाहेब सांगत होते, "मास्तर, नियम सरळ आहे. फी माफ करा, कुणी विचारत नाही. पण शाळेनं खेळाडूला खायला-राहायला दिलं, की तो विकत आणलेला. संघ बाद, पोरगा बाद आणि दिलेली नादारीही परत घ्यायची."

"पण लोकोदय कुठनं देणार, सरकार? त्यांच्याकडं खडू घ्यायला पैसे नाहीत."

"देतात. माझ्या माणसानं गेले तीन दिवस बघितलंय. तो धनगर रोज वेगळ्या घरात जातो, पोट भरून बाहेर येतो. शाळेनं घरं बांधून घेतलीत. शनिवारी समितीपुढं चौकशी आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

मी कप त्यांच्यापुढं जरा जोरातच ठेवला. नानासाहेबांनी वर बघितलं. "वैनी, चहा मस्त झालाय," म्हणाले. अजून प्याले नव्हते.

ते गेल्यावर मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तो पोरगा कुठं जेवतो म्हणालात?"

"घरोघर. सोमवारी एकीकडं, मंगळवारी दुसरीकडं."

"आणि गुरुवारी?"

"असेल कुठंतरी."

"इथं."

"इथं म्हणजे?"

"इथं म्हणजे इथं. या सोप्याच्या मागच्या सोप्यात. आत्याबाईंच्या समोर."

यांनी वळून मागच्या सोप्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आपला गुरुवारचा? तो धनगर?"

"धुळू येडगे नाव आहे त्याचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"तुमच्या आईनं वार दिलाय. बोलायचं नसतं."

हे उठून येरझाऱ्या घालू लागले. "बंद कर. या गुरुवारपासून बंद. आणि हे या घराबाहेर गेलं तर माझी नोकरी गेली म्हणून समज."

"कुणाचं जेवण बंद करालायस रं?" आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"आई, तुला यातलं कळत नाही."

"मला एवढं कळतंय, की तुझा बाप पन्हाळ्याखालनं या गावात आला तवा त्याला सात घरांनी घातलं. सातवीची फायनल परीक्षा पास झाला, दरबारच्या कचेरीत चिकटला, मग माझ्या बापानं मला दिली. त्या सात घरांतनं एका घरानं दार लावलं असतं तर तू कुठं असतास?"

"ते दिवस वेगळे होते."

"आणि भूक? ती बी बदलली व्हय?"

मी म्हटलं, "आता तुम्हाला ठाऊक आहे की शाळेनं कुणाला पैसे दिले नाहीत. मग नानासाहेबांना सांगा की तक्रार मागं घ्या म्हणून."

"मी सांगू? मी कोण? मी नोकर आहे त्यांचा."

"मग माझ्या भाच्यांचं काय?"

यांचा चेहरा पडला. यशवर्धनचा गोलकीपर मिरजेचा आणि सेंटर हाफ बेळगावचा. दोघांना शाळेनं आणलेलं, वसतिगृहात ठेवलेलं, रोज दूध-अंडी. समितीच्या कागदावर मात्र ते दोघे आमच्या घरी राहत होते, माझ्या बहिणीची मुलं म्हणून. मला बहीण नाही. पाच भावांत मी एकटी. हे मला नुकत्याच झालेल्या दिवाळीत कळलं होतं, तेही गोलकीपर फराळाला आला आणि चुकून मला "मावशी" म्हणाला म्हणून.

"तो विषय काढू नकोस," हे म्हणाले.

"मी काढत नाही. तुम्ही काढायला लावू नका."

गुरुवारी धुळू आलाच नाही.

भाकरी गार झाली. आत्याबाई दोनदा परसदारी जाऊन बघून आल्या. शेवटी मी कापडात भाकरी आणि भांड्यात झुणका घेतला आणि डोक्यावर पदर घेऊन तालमीकडे निघाले.

तालमीत बायका जात नाहीत. आत मारुती आणि लाल माती. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि हाक मारली. आतले दोन गडी लंगोटावर होते, ते दिसेनासे झाले. एक म्हातारा वस्ताद घाईनं सदरा घालत बाहेर आला. "मास्तरीण बाई, हितं कुठं?"

"धुळूला बोलवा. नाहीतर मी आत येते."

धुळू लगेच आला. डोळे खोल गेलेले.

"का आला नाहीस?"

"कुरणे सरांनी सांगितलंय, शनवारपतोर कुणाच्या घरी जायाचं न्हाई. घरांची नावं भाईर यायची न्हाईत."

"मग काय खाल्लंस?"

"चिरमुरं."

मी भाकरी पुढं केली. तो घेईना.

"वैनी, मी बॉल सोडतो. तसं लिहून दितो. मग तरी मॅट्रिकला बसू देतील. दोन म्हैने ऱ्हायलेत."

"काय लिहून देणार? लोकोदयनं विकत घेतलं म्हणून?"

तो खाली बघू लागला.

"घेतलं कुणी तुला विकत?"

"न्हाई."

"मग खोटं का लिहितोस?"

"खरं सांगितलं तर तुमच्या घरात भांडान हुईल. मास्तर..."

मी चमकले. "तुला ठाऊक होतं? मास्तर कोण ते?"

"पयल्या दिसापास्नं. सोप्यात फोटू हाय की त्यांचा, ढाल धरलेला. मैदानावर ते दिसले की मी मान खाली घालतो. त्यांच्या घरचं खाल्लंय."

"आणि त्यांच्याच पोरांवर गोल मारणार?"

"ते वायलं, वैनी," तो म्हणाला, आणि त्याही अवस्थेत त्याला हसू आलं.

मी भाकरी त्याच्या हातात कोंबली. "खा. आणि कुणाला काही लिहून द्यायचं नाही. शनिवारी मी येते."

"तुम्ही? आणि मास्तर?"

"ते तर तिथंच असणार आहेत."

बुधवार कुणाकडे असतो हे मला ठाऊक होतं. बुधवारी तो बागवान गल्लीत मेहरुन्निसाबींकडे मटण जेवायचा आणि गुरुवारी आमच्याकडे त्याला भूक कमी असायची. एकदा आत्याबाईंनी रागानं विचारलं, तेव्हा त्यानं कबूल केलं होतं. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्यावर केळ्यांचे घड सोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"तुमचे मास्तर तिकडच्या बाजूचे, आणि तुम्ही जाणार?"

"जाणार."

"मग मी काय घरात बसू? गुरुवार बोलणार आणि बुधवार गप? इतकं मटण खाल्लंय त्यानं माझं."

चौकशी नगरपालिकेच्या एका जुन्या शाळेत होती. लांब खोली, पुढं टेबल, त्यामागं समितीचे तिघे. मधले नाडगौडा वकील, म्हातारे, कानात केस, जाड चष्मा. एका बाजूला नानासाहेब आणि त्यांच्या शेजारी आमचे हे. दुसऱ्या बाजूला कुरणे सर आणि धुळू. मागं दोन्ही शाळांची आणि पेठेतली माणसं. आम्ही तिघी, आत्याबाई, मेहरुन्निसाबी आणि मी, मागच्या दारानं आत आलो. खोलीत दुसरी बाई नव्हती. हे वळून बघतात तो मी बसलेली. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघू लागले.

नानासाहेब झकास बोलले. खेळाची पवित्रता, गरीब पोरांचा बाजार, असं बरंच. मग नाडगौडा वकील कुरणे सरांना म्हणाले, "हेडमास्तर, मुलगा सात घरी जेवतो हे तुम्ही मान्य करता. शाळेनं पैसे दिले नाहीत म्हणता. मग त्या घरांची नावं सांगा. आम्ही विचारू, प्रश्न मिटेल."

"नावं सांगता येणार नाहीत."

"का?"

"शब्द दिलाय."

"हेडमास्तर, नाव सांगितलं नाही तर मला तक्रार खरी धरावी लागेल. मुलाची नादारी जाईल. परीक्षेआधी दोन वर्षांची फी कुठून आणणार तो?"

कुरणे सरांच्या कपाळावर घाम होता. ते एकदा यांच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

नानासाहेब हसले. "नावं असतील तर सांगतील!"

मी उठले. पदर खोचला.

"गुरुवार आमच्या घरी असतो."

सगळी खोली वळली.

"आपण कोण, बाई?" नाडगौडांनी विचारलं.

"अक्काताई इंगवले."

"इंगवले म्हणजे कोणत्या?"

"ते तिथं बसलेत त्यांची. भिंतीकडं बघताहेत ते."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. नानासाहेब लाल झाले. "वैनी, ही बायकांची जागा नव्हे. घरी जा."

"नाना," आत्याबाई बसूनच म्हणाल्या, "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. तोंड सांभाळून बोल."

आता सगळेच हसले. नानासाहेबांना ते सोसलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लोकोदयनं किती दिले तुम्हाला? खरं सांगा!"

"लोकोदयनं नाही," मी म्हटलं. "पैसे तुम्ही दिलेत."

"मी?"

"आमच्या घरात दुसरी मिळकत नाही. यांचा पगार. तो यशवर्धन देते. त्याच पगारातली भाकरी धुळूनं दोन वर्षं खाल्ली. शाळेच्या पैशातनं जेवला म्हणून तो विकत घेतलेला असेल, तर तुम्ही घेतलाय. न्या आणि तुमच्या संघात खेळवा."

हशा इतका झाला की नाडगौडांना टेबल बडवावं लागलं. ते स्वतः चष्मा पुसत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, "इंगवले मास्तर, बाई म्हणतात ते खरं आहे?"

नानासाहेब यांच्या कानाशी लागले. मला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. 'नाही म्हणा.'

हे उठले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, धुळूच्या पायांकडे बघत राहिले. त्यानं पायाची बोटं जमिनीत रोवली होती.

"खरं आहे," हे म्हणाले. "गुरुवारी आमच्याकडेच जेवतो. शाळेनं दिडकी दिलेली नाही."

"मग तक्रारीत हे का नाही?"

"तक्रार केली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं. तरी मी गप्प राहिलो."

आणि बसले.

नानासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हे संगनमत आहे! नवराबायको फितूर झालेत. मी मागणी करतो, पंच पाठवा, या बाईच्या घराची तपासणी होऊ दे. कोण येतं, कोण जातं, बघू दे जगाला!"

"पाठवा की," मी म्हटलं. मला आता थांबता येत नव्हतं, आणि थांबायचंही नव्हतं. "कोण जेवतं ते बघा आणि कोण राहतं तेही बघा. तुमच्या कागदावर माझे दोन भाचे माझ्या घरी राहतात म्हणे. एक मिरजेचा, एक बेळगावचा. मला बहीण नाही. पंच आले तर माझीही त्यांच्याशी ओळख होईल."

नाडगौडांनी चष्मा चढवला आणि नानासाहेबांकडे बघितलं.

"तक्रार मागे घेतो," नानासाहेब म्हणाले.

"नीट ऐकू आलं नाही."

"मागे घेतो म्हटलं ना!"

"मग आज माझ्यापुढं तक्रारच नाही. त्यामुळं भाच्यांचा विषयही नाही. अंतिम सामना उद्या ठरल्या वेळी. मुलगा खेळेल." त्यांनी कागद गोळा केले. तेवढ्यात मेहरुन्निसाबी उठल्या.

"आणि बुधवार? मला कुणी विचारलंच न्हाई! मी दुकान बंद करून आलेय."

"बुधवारची नोंद झाली, बाई," नाडगौडा हात जोडून म्हणाले.

बाहेर पायरीवर कुरणे सर भेटले. मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही आमचं नाव घेतलं असतं तर पहिल्याच मिनिटाला सगळं मिटलं असतं. तक्रार करणाऱ्या शाळेच्या मास्तरचंच घर. तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "धुळूला विचारून बघितलं, तोही तुमचं नाव घेऊ देईना. आणि बाई, आज एका घराचं नाव मी सभेत उच्चारलं असतं, तर उद्या दुसऱ्या मुलासाठी कुठल्या दारात उभा राहिलो असतो? नाव तुम्ही स्वतः सांगितलंत. ते वेगळं."

हे पुढं चालत गेले. रात्री ताटावर बसले आणि जेवून उठले. नवऱ्याची नोकरी मी भर सभेत पणाला लावली होती हे मला पुरतं कळत होतं. पण माझ्या घरातल्या अन्नाला चोरीचं म्हणू देणार नव्हते.

रविवारी सामना झाला. मी गेले नाही. गच्चीवर उभी राहिले. तिथून स्टेडियम दिसत नसे, ओरडा ऐकू यायचा. संध्याकाळी बोळातल्या पोरांनी बातमी आणली. यशवर्धन दोन, लोकोदय एक. धुळूनं एक मारला होता. शेवटच्या क्षणी दुसराही मारला असता, पण माझ्या मिरजेच्या भाच्यानं झेप घेऊन अडवला.

पुढच्या गुरुवारी धुळू परसदारी आला. आणि आमचे हे, जे गुरुवारी दुपारी कधी घरी नसायचे, ते सोप्यात बसले होते. धुळू त्यांना बघून मागं फिरला.

"कुठं निघालास?" यांनी विचारलं. "बस. दोन पाट मांड गं."

दोघे शेजारी बसले. धुळू नुसती भाकरी कुस्करत होता. हे खाली बघूनच म्हणाले, "शेवटचा बॉल उजव्यानं का मारलास? डाव्यानं मारला असतास तर गोल होता."

"डावा दुखत हुता."

"दुखत होता तर खेळलास कशाला?"

धुळूनं पहिल्यांदा मान वर केली. सरळ यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही मला बाद करालेला, म्हणून खेळलो."

हे म्हणाले, "याला भाकरी वाढ गं. आणि ऐक रे, पाय दुखत असला की बॉल दुसऱ्याला द्यायचा असतो. मैदानात एकटाच आहेस काय?" आणि जेवण संपेपर्यंत दोघे ताटात बोटांनी रेघा ओढून भांडत होते.

ढाल जिंकून दिल्यावरही एप्रिलमध्ये यांना शाळेनं काढलं. कारण सांगितलं नाही. आम्हाला विचारायची गरज नव्हती.

यांनी पुढं मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून आयुष्य काढलं. सकाळी मात्र तालमीच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे, फुकट. एकोणीसशे नव्याण्णव साली गेले. आत्याबाई त्याच्या खूप आधी गेल्या, झोपेत. कुरणे सर निवृत्त होऊन निपाणीला मुलीकडे राहिले. त्यांनी आणखी किती मुलांचे वार लावले, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मेहरुन्निसाबींच्या नातवाचं आता फळांचं मोठं दुकान आहे. मी गेले तर तो वजन करताना हात सैल सोडतो. नाडगौडा वकिलांचं पुढं काही कळलं नाही. नानासाहेब आमदार झाले. ते व्हायचेच होते. बेळगावचा भाचा मी परत बघितला नाही. मिरजेचा मात्र अजून दिवाळीला येतो, सत्तरी उलटली तरी "मावशी" म्हणून पाया पडतो आणि दरवर्षी मी त्याला विचारते, "माझी बहीण कशी आहे रे?"

धुळू मॅट्रिक झाला. मुंबईच्या एका गिरणीच्या संघात दोन हंगाम खेळला, मग गुडघा गेला. गुरांच्या दवाखान्यात लागला, आणि बदल्या होत होत शेवटी गगनबावड्यालाच पोचला. गेल्या वर्षी वारला. त्याच्या दोन्ही मुली शिकल्या, त्यातली एक शिक्षिका आहे. तिनंच मला फोन करून कळवलं.

आणि मी. यांना राग आला की हे म्हणायचे, "तुझ्यामुळं माझी नोकरी गेली." मी म्हणायची, "हो, माझ्यामुळंच गेली." पस्तीस वर्षं आम्ही हे एकमेकांना म्हणत आलो. त्यांनी कधी शब्द मागं घेतला नाही. मीही नाही.